नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : इंग्रजी कार्टून-मालिकांतील यमकबद्ध शिव्यांविषयी

शिवी हा वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास मराठी वाचकाने तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही. ज्या भाषेत संतांनी दांभिकांवर शेलक्या शब्दांचा वर्षाव केला, जिच्या लग्नमंडपात विहिणींनी एकमेकींस गाण्यांतून टोचून घ्यावे अशी रीत पडली, आणि जिच्या तमाशातील सवाल-जवाबाची झटापट ऐकण्यासाठी रसिक रात्र रात्र बसून राहिले, त्या भाषेच्या टीकाकाराने शिवीचे नाव निघताच नाकाला रुमाल लावणे शोभत नाही. शिवी कोठे नुसता चिखल असते आणि कोठे त्याच चिखलाचे मडके घडते, हे पाहणे टीकेचेच काम आहे. प्रस्तुत लेखात हा विचार आम्ही एका परक्या, परंतु आता आपल्या घरात रोज वावरणाऱ्या प्रकाराच्या आधारे करू इच्छितो. तो प्रकार म्हणजे दूरचित्रवाणीवरील इंग्रजी कार्टून-मालिका.

१ मे १९९५ रोजी 'कार्टून नेटवर्क' ही वाहिनी भारतात सुरू झाली. पुढे अशा मालिका हिंदीत व इतर भारतीय भाषांत उतरल्या, तरी मूळ इंग्रजीतूनही त्या मुलांच्या कानी पडतच राहिल्या. आणि आता तर त्या मुलांच्या हातातील मोबाइलवरच येऊन बसल्या आहेत. बेळगाव, इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी घरातले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगू बोलते, आणि भावंडाला चिडवावयाचे झाले की शब्द मात्र पडद्यावरून उचलते. तो शब्द कानी पडला म्हणजे वडीलधाऱ्यांची दोहोंपैकी एक प्रतिक्रिया होते. काहीजण "कार्टूनमधले आहे, त्यात काय?" म्हणून तो सोडून देतात, काहीजण शब्दकोश उघडून, त्यातला अर्थ वाचून, हादरून मुलास शिक्षा करतात. आमच्या मते दोन्ही पक्ष शब्द ऐकतात, पण विनोद ऐकत नाहीत. हा विनोद ऐकण्याच्या तीन किल्ल्या आहेत : यमक, लोप आणि वक्ता. त्यांचा क्रमाने विचार करू.

तत्पूर्वी या मालिकांतील शिवी इतकी कल्पक का, याचा उलगडा केला पाहिजे. त्याचे कारण बंधन हे होय. अमेरिकेत चित्रपटगृहांसाठी काढलेली जुनी कार्टूने ही चित्रपटांच्या निर्मितीसंहितेच्या कक्षेत येत. त्या संहितेच्या १९३९ सालच्या निषिद्ध शब्दांच्या यादीत शब्दांबरोबर एक आवाजही होता. जीभ बाहेर काढून, ओठ फडफडवून, कोणाची हेटाळणी करण्यासाठी काढतात तो. पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा प्रत्येक वाहिनीने संहिता तपासणारा आपला स्वतंत्र विभाग ठेवला. लेखकाला राग दाखवावयाचा आहे, परंतु रागाचे रोजचे शब्द वापरावयाचे नाहीत, अशी ही अडचण. वृत्ताच्या बंधनाने कवीला जसे नवे शब्द शोधावे लागतात, तसे या लेखकांना नवी शिवी शोधावी लागली. समुद्रतळाशी राहणारा स्पंजबॉब संतापला की जहाजाच्या बुडाला चिकटणाऱ्या कवचधारी जलचरांचे नाव घेतो. सिल्व्हेस्टर नावाचे मांजर तारणहाराचे नाव घ्यावयाच्या जागी मका आणि शेंगांतले दाणे यांच्या एका अमेरिकन पदार्थाचे नाव घेते. ज्याला मूळ शब्द ठाऊक आहे त्याला दोन्ही ऐकू येतात. ज्याला ठाऊक नाही त्याला नुसता मजेदार आवाज ऐकू येतो. हा दुपदरीपणा या विनोदाचा पाया आहे.

आता पहिली किल्ली, यमक. इंग्रजीत 'सिली' म्हणजे वेडगळ. एखाद्याला नुसते तेवढेच म्हटले तर तो रागावेल. 'सिली बिली' म्हटले की बहुधा हसेल. बिली हे विल्यम नावाचे लाडके रूप. परंतु येथे बिली नावाचा कोणीच अभिप्रेत नाही. तो केवळ यमकासाठी बोलावलेला पाहुणा आहे. त्याच्या येण्याने ऐकणाऱ्याचे लक्ष अर्थावरून निसटून नादावर जाते आणि शिवीचा डंख बोथट होतो. इंग्रज मुलांत खोटे बोलणाऱ्याच्या विजारीला आग लागली असल्याचा पुकारा करण्याची एक जुनी चाल आहे. कार्टूनांतूनही ती वारंवार ऐकू येते. खोटेपणाचा आणि विजारीचा काय संबंध, असे आपला जिज्ञासू विद्यार्थी विचारतो. उत्तर असे की, काहीही नाही. खोटारड्याला इंग्रजीत 'लायर' म्हणतात, त्याला 'फायर' जुळते. आग आली, म्हणून ती कोठेतरी लागली पाहिजे, म्हणून विजार आली. आपल्या आलंकारिकांनी लक्षणेसाठी मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध आणि रूढी अथवा प्रयोजन अशा तीन अटी घातल्या. येथे मुख्यार्थाचा बाध आहे. संबंध मात्र केवळ ध्वनीचा आहे. म्हणूनच अशा शिवीचा 'अर्थ' शोधत बसणारा हमखास चकतो.

या यमकप्रेमाला वाङ्मयीन कुळीही आहे. दुबळ्या, गुळमट, अतिलाडिक वृत्तीस इंग्रजीत 'नॅम्बी-पॅम्बी' म्हणतात. अँब्रोज फिलिप्स या कवीने बड्या घरच्या लहान मुलांना उद्देशून बोबड्या थाटाच्या कविता लिहिल्या. हेन्री कॅरी याने १७२५ साली त्यांचे विडंबन केले आणि कवीच्या अँब्रोज या नावातूनच हा शब्द वळला. कवीच्या कविता आज फारसे कोणी वाचत नाही, पण नावातून निघालेली शिवी शब्दकोशात जाऊन बसली. याच्या बरोबर दोनशे वर्षांनी, १९२५ साली, आपल्याकडे आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' प्रसिद्ध झाली, हा योगायोग विडंबनाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मात्र अत्र्यांनी कवींच्या शैलीची थट्टा केली. कॅरीने नावालाच यमक जोडले. नावाला जोडलेले यमक अधिक चिवट असते. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

यमकाचा आणखी एक प्रकार मराठी वाचकास विशेष ओळखीचा वाटेल. अमेरिकन कार्टूनांत एखादे पात्र समोरच्याचा शब्द उचलते आणि त्याची आद्य व्यंजने पालटून 'श्म' लावून तो परत फेकते. 'फॅन्सी' म्हटले की 'फॅन्सी-श्मॅन्सी'. ही लकब पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू लोकांच्या यिडिश भाषेतून इंग्रजीत आली. आपण मराठीत 'अभ्यासबिभ्यास', 'पाणीबिणी' म्हणतो. इंदूरकडील हिंदीत 'पानी-वानी' होते. कन्नडात आणि तेलुगूत हेच काम 'गि' हे अक्षर करते. मराठी मुलाला म्हणूनच ही खोड क्षणात कळते. तथापि दोहोंत भेद आहे. आपला 'बि' बहुतेक वेळा केवळ 'वगैरे' सुचवितो. 'श्म' मात्र नेहमी तुच्छताच दाखवितो. आईने "चहाबिहा घेणार का?" म्हटले तर त्यात अगत्य असते, त्याच वाक्यात 'श्म' आला असता तर पाहुणा उठून गेला असता! मुलाला हा भेद समजावून देणे हे भाषाशिक्षणच आहे, आणि त्याला कोणतेही क्रमिक पुस्तक लागत नाही.

आता यमक आणि नाव यांच्या संबंधाकडे वळू. १९८९ सालापासून चालू असलेल्या 'द सिम्प्सन्स' या मालिकेचा 'आय मॅरीड मार्ज' हा भाग २६ डिसेंबर १९९१ रोजी प्रथम प्रसारित झाला. त्यात होमर आणि मार्ज हे जोडपे पहिल्या अपत्यासाठी नाव शोधीत आहे. मार्ज एकेक नाव सुचविते आणि होमर प्रत्येक नावाला शाळेतील पोरे कोणते यमक जोडतील, ते सांगून ते बाद करतो. लुई नको, कारण पोरे 'स्क्रुई' म्हणजे चक्रम म्हणतील. बॉब नको, त्याला 'स्लॉब' म्हणजे गबाळा जुळते. ल्यूक नको, त्याला 'प्यूक' म्हणजे ओकारी जुळते. मार्कस नको, कारण 'म्यूकस' म्हणजे शेंबूड. शेवटी 'बार्ट' हे नाव येते. होमर विचारात पडतो आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने यमके तपासू लागतो. बी झाला, सी झाला, डी झाला, ई देखील झाला. आणि येथे थांबून तो निर्वाळा देतो की, या नावात काहीच धोका नाही.

ई नंतरचे अक्षर वाचकाने स्वतःच लावून पाहावे. जो शब्द सिद्ध होतो तो अपानवायूचा बोली पर्याय आहे. मराठीत त्याच्या प्रतिशब्दाला 'पाद' म्हणतात. आणि श्लोकाच्या चरणासही संस्कृतात 'पाद'च म्हणतात, त्यामुळे वृत्ते शिकविताना वर्गात हास्याची लाट कोठून कोठे जाते, हे प्रत्येक भाषाशिक्षकास ठाऊक आहे.

हा प्रसंग आम्हांस इंग्रजी कार्टून-वाङ्मयातील उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो, आणि तसे म्हणण्यास कारणे आहेत. येथे चार शिव्या उच्चारल्या जातात, पण त्या कोणालाही दिल्या जात नाहीत. मूल अजून जन्मलेलेच नाही. पाचवी, जी खरोखर त्या मुलाला आयुष्यभर ऐकावी लागेल, ती उच्चारलीच जात नाही. प्रेक्षक ती मनात पुरी करतो आणि त्या क्षणी तोच शाळेतील पोर होतो. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. या बापाला ते अंतर राखावयाचे आहे आणि तेच त्याला राखता येत नाही. त्याच्या वेडगळपणाखाली जी भीती आहे ती प्रत्येक आईबापाची आहे : जग माझ्या मुलाला काय म्हणेल? हजेरीपटावरील एखादे नाव वाचले जाताच वर्गाच्या मागच्या बाकांवर जी कुजबुज होते, ती ज्याने ऐकली आहे त्याला हा प्रसंग नुसता हास्याचा वाटणार नाही. शिवाय बार्ट या शब्दाची अक्षरे फिरविली की 'ब्रॅट', म्हणजे आपल्या भाषेत 'कार्टे', असा शब्द मिळतो. म्हणजे ज्या नावात काही नाही म्हणून बापाने निवडले, त्यात दोन शिव्या दडून होत्या!

येथून आपण दुसऱ्या किल्लीकडे, म्हणजे लोपाकडे, आपोआपच आलो. न उच्चारलेल्या यमकाची ही युक्ती होमरच्या निर्मात्यांची नव्हे. लंडनच्या पूर्व भागातील फेरीवाले आणि श्रमिक यांच्या बोलीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती रूढ आहे, आणि जॉन कॅम्डन हॉटन याने १८५९ साली काढलेल्या बोलीकोशात तिची नोंद आहे. रीत अशी की, मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा दोन-तीन शब्दांचा समूह वापरावयाचा, आणि पुढे त्यातील जुळणारा शब्दच गाळून टाकावयाचा. डोक्याला 'हेड' म्हणतात, त्याला 'ब्रेड' जुळते. म्हणून डोके म्हणजे 'लोफ ऑफ ब्रेड'. मग 'ब्रेड' गळतो आणि राहतो नुसता 'लोफ'. "जरा आपला लोफ वापर" याचा अर्थ "डोके चालव". पाव कोठून आला, हे परक्याला कळण्याचा मार्गच उरत नाही, कारण पूल ओलांडून झाल्यावर पूल मोडून टाकलेला असतो.

निर्मितीसंहितेने निषिद्ध ठरविलेला जो ओठांचा आवाज आम्ही वर सांगितला, त्याला इंग्रजीत 'रास्पबेरी' म्हणतात. हे एका तांबड्या फळाचे नाव. परंतु मूळ प्रयोग 'रास्पबेरी टार्ट' असा, म्हणजे त्या फळाचा गोड खाद्यपदार्थ. 'टार्ट' गळला आणि फळ उरले. 'टार्ट' ज्याच्याशी जुळतो तो शब्द कोणता, हे वाचकास आता सांगावयास नको; होमर ज्याच्या उंबरठ्यावर थांबला तोच तो! लंडनच्या फेरीवाल्यांनी गाळलेला शब्द आणि १९९१ सालच्या अमेरिकन लेखकांनी गाळलेला शब्द एकच असावा, यात आम्हांस मोठी गंमत वाटते. दोन्ही ठिकाणी यमक हेच झाकण आहे आणि यमक हीच खूण आहे.

लोपाचा दुसरा परिणाम असा की, घाण शब्द कालांतराने धुऊन निघतो. १९८०च्या दशकात ब्रिटिश मुलांसाठी मातीच्या बाहुल्यांची 'द ट्रॅप डोअर' ही मालिका निघाली. तिच्या भोळ्या, निळ्या नायकाचे नाव 'बर्क' आहे. बर्क म्हणजे बावळट. इंग्लंडात हा शब्द घरोघरी सौम्य मानतात. परंतु तो एका शिकारसंघाच्या नावावरून यमकाने बनलेला असून ते यमक ज्या शब्दाशी जुळते तो या नियतकालिकात छापण्याजोगा नाही. मग मुलाने बर्क म्हटले तर त्याला शिक्षा करावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. शब्दाचे मूळ आणि शब्दाचा आजचा भार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केवळ व्युत्पत्तीवरून शिक्षा करू लागल्यास आपल्या शुद्ध मराठीतीलही कित्येक शब्दांना वर्गाबाहेर उभे करावे लागेल.

लोपाची कमाल मात्र 'स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स' या मालिकेच्या २००१ सालच्या 'सेलर माउथ' या भागात झाली आहे. स्पंजबॉब आणि त्याचा मित्र पॅट्रिक यांना उपाहारगृहामागच्या कचरापेटीवर लिहिलेला एक शब्द दिसतो. तो वाक्याला शोभा आणणारा शब्द असावा, असा त्यांचा भोळा समज होतो आणि ते तो जेथे तेथे वापरू लागतात. गिऱ्हाइके भेदरतात, मालक संतापतो. प्रेक्षकाला मात्र तो शब्द एकदाही ऐकू येत नाही; त्याच्या जागी डॉल्फिनचा चीत्कार येतो. म्हणजे शिवी आहे, तिचा परिणाम आहे, तिच्याबद्दलची शिक्षा आहे, फक्त शिवीच नाही. आनंदवर्धनाने वाच्याहून निराळ्या अशा प्रतीयमान अर्थाला काव्याचा आत्मा म्हटले. त्या आचार्यांनी डॉल्फिनची कल्पना केली नसेल, पण न सांगता सांगण्याची ही किमया त्यांना अनोळखी वाटली नसती.

याच भागात मालक सांगतो की, असे तेरा वाईट शब्द आहेत. शेजारी उभा असलेला स्क्विडवर्ड विचारतो, सातच ना? मूल हे ऐकून पुढे जाते. मोठ्यांना मात्र जॉर्ज कार्लिन आठवतो. या विनोदकाराने १९७२ साली, दूरचित्रवाणीवर जे सात शब्द कधीच उच्चारता येत नाहीत, त्यांवर एक भाषण रचले. त्याच विषयावरचे त्याचे भाषण १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्राने प्रसारित केले, त्यावर तक्रार झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुले ऐकत असण्याचा संभव असलेल्या वेळी अशा भाषेला आवर घालण्याचा शासकीय आयोगाचा अधिकार त्या न्यायालयाने १९७८ साली मान्य केला. एका आकड्यात एवढा इतिहास ठेवून लेखक पुढे निघून जातो. मुलांच्या कथेत वडिलांसाठी ठेवलेला हा कोपरा आहे. तो ज्याला दिसत नाही त्याने 'कार्टून म्हणजे पोरखेळ' असे म्हणण्याची घाई करू नये.

तिसरी किल्ली वक्ता ही होय, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. भरतमुनींनी हास्याच्या विभावांत विकृत वेषाबरोबर असत्प्रलाप आणि दोषोदाहरण यांचीही गणना केली आहे. चांगल्या कार्टूनात शिवी देणारा दुसऱ्याचे दोष दाखवू जातो आणि आपलाच असत्प्रलाप दाखवून बसतो. 'द सिम्प्सन्स'मध्ये १९९५ साली असा प्रसंग आला. शाळेचा पैसा आटल्यामुळे आवारातील स्कॉटिश माळ्यालाच फ्रेंच शिकवावयास उभे करतात, आणि तो मुलांसमोर फ्रेंचांचा उद्धार 'चीज खाणारी शरणागत माकडे' अशा शब्दांत करतो. हसावयाचे कोणाला? ज्या शाळेने असा शिक्षक नेमला तिला, आणि ज्याला फ्रेंच भाषेचा गंधही नाही अशा त्या शिक्षकाला. परंतु २००३ साली इराकच्या युद्धास फ्रान्सने विरोध केला तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रीय लिखाणात हेच शब्द फ्रेंचांवर सरळ फेकले गेले. वक्ता गळाला, शाळा गळाली, आणि विनोदाची नुसती शिवी झाली. शब्द तेच, पण वाङ्मय नाहीसे झाले.

याच्या उलट वाटेने गेलेला शब्द म्हणजे 'निमरॉड'. बायबलातील निमरॉड हा पराक्रमी शिकारी. १९४८ सालच्या एका कार्टूनात डॅफी नावाचे बदक, ज्याच्या बंदुकीची गोळी कधीच लागत नाही अशा एल्मर फड या शिकाऱ्यास उपरोधाने निमरॉड म्हणते. आपण एखाद्या नेमबाजी न येणाऱ्यास 'अर्जुना' म्हणावे, तसेच हे. अमेरिकेत आज निमरॉड म्हणजे मूर्ख असाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. हा अर्थ त्याआधीच्या दशकातही नोंदलेला आढळतो, तेव्हा त्याचे सारे श्रेय बदकाला देता येणार नाही; परंतु ज्या श्रोत्याला बायबलची कथा ठाऊक नाही, त्याला उपरोध ऐकूच येत नाही आणि स्तुतीची शिवी कशी होते, हे येथे स्वच्छ दिसते.

या तीन किल्ल्या सांगितल्यावर एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. यमक शिवीला धुते हे खरे, पण प्रत्येक डाग धुतला जात नाही. १९६८ साली वॉर्नर ब्रदर्सची अकरा जुनी कार्टूने दूरचित्रवाणीवरील प्रसारणातून काढून घेण्यात आली, कारण त्यांत कृष्णवर्णीयांचे विडंबन मुळापर्यंत भिनलेले होते. त्यांत संगीत होते, कारागिरी होती, यमकेही होती. परंतु तेथे हसण्याचा विषय माणसाची कृती नसून त्याची कातडी होती. 'सिली बिली' म्हटलेला मुलगा उद्या शहाण्यासारखा वागून ती शिवी झटकू शकतो. वर्ण, अंगातील व्यंग, जात किंवा बापाचा धंदा यांवर बेतलेली शिवी त्याला झटकता येत नाही. अशा शिवीला यमक जोडले तर ते झाकण होत नाही, मूठ होते. ती शिवी धरावयास सोपी होते आणि वर्षानुवर्षे हातातून सुटत नाही. होमरला भीती होती ती नेमकी या मुठीची. इंग्लंडातील आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने सुमारे पाच हजार शाळकरी मुलांकडून त्यांची गाणी, चिडवण्या आणि करार गोळा करून १९५९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : मुलांच्या या भाषेला रिवाज आहे, उत्तर-प्रत्युत्तराची पद्धत आहे. ज्या चिडवणीला प्रत्युत्तर देता येते ती खेळ. जिला देता येत नाही तो छळ. शाळेने शिक्षा करावयाची ती या कसोटीवर करावी, शब्दकोशाच्या आधारे नव्हे.

हीच कसोटी भाषांतरालाही लागू पडते. 'स्केअर्डी-कॅट' याचे 'घाबरट मांजर' असे भाषांतर केले तर मांजरही मरते आणि विनोदही मरतो. मराठीत त्यासाठी 'भित्री भागूबाई' तयार आहे. तिच्यात अनुप्रास आहे, आणि भागूबाई नावाची कोणीच अभिप्रेत नाही, जसा बिली अभिप्रेत नव्हता. (तीत स्त्रीजातीवर थोडा अन्याय आहे, हे आम्ही नाकारीत नाही.) 'स्मार्टी-पँट्स' म्हणजे 'दीडशहाणा', येथे विजार सोडून अर्धा शहाणपणा जास्त द्यावा. बार्ट "डोन्ट हॅव अ काउ" म्हणतो त्यात गाईचा संबंध शोधू नये, "एवढे डोक्यावर घर कशाला घेतोस?" हेच त्याचे मराठी. आणि नाव ठेवण्याचा तो प्रसंग? त्यातील इंग्रजी नावे ठेवून तळटीप देणारा भाषांतरकार हरलाच म्हणून समजावे. आम्ही तो प्रसंग मराठीत असा उतरवू : बाळूला पोरे 'टाळू' म्हणतील, बंडूला 'लंडू' म्हणतील, मग 'माधव' हे नाव निघते. बाप वर्णमाला घेऊन बसतो. क लावून पाहतो, 'काधव', ख लावून पाहतो, 'खाधव', आणि समाधानाने म्हणतो, "छे, या नावाला काहीच जुळत नाही." ख नंतर कोणते अक्षर येते आणि त्यातून कोणता चतुष्पाद प्राणी उभा राहतो, हे दुसरीतले मूलही सांगेल. अर्थाचे भाषांतर येथे शून्य आहे. नादाचे, लोपाचे आणि बापाच्या भाबडेपणाचे भाषांतर मात्र पुरे झाले आहे. आमच्या मते अशा विनोदाचे भाषांतर याच क्रमाने व्हावे.

मराठीजवळ या कामाला लागणारे भांडवल कमी नाही. 'सोम्यागोम्या', 'चिडका बिब्बा', 'रडतराऊत', 'उंटावरचा शहाणा' हे शब्द कोणा अकादमीने घडविलेले नाहीत. ते अंगणांनी घडविले. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या वस्त्यांत अंगणे आटली, खेळगडी अन्य भाषांचे झाले, आणि मुलाला मराठीत अभ्यास करता येतो, प्रार्थना म्हणता येते, पण भांडता येत नाही, अशी स्थिती येऊ लागली आहे. भाषेत भांडता येईनासे झाले की ती भाषा पाहुण्यासारखी घरात राहते. म्हणून इंग्रजी कार्टूनांवर बंदी घालण्याचा उपाय आम्ही सुचवीत नाही. मुलांबरोबर ती पाहावी. हा शब्द कशाला जुळला, कोणता गळला, कोण कोणाला म्हणाला, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि चौथा प्रश्न असा की, आपल्या भाषेत याला काय म्हणाल? आपल्या खेळांत अगदी लहान मुलाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. शब्द चिडविण्याचाच आहे, त्याला यमकही आहे. परंतु ज्याला तो लागला त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि डाव संपेपर्यंत त्याला खेळातून कोणी काढीत नाही. इंग्रजी मालिकांत असा शब्द आम्हांस अजून आढळलेला नाही. तो आपल्या मुलांच्या तोंडी राहावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.